कोपरा की मध्य?

मागच्या महिन्यात ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली. एका क्लायंटचा माल चौदा गोदामांतून दोनशे डीलर्सकडे कुठून कुठे जायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम आमची टीम सांभाळते. रात्री प्रोग्रॅम चालतो आणि सकाळी ट्रकवाल्यांच्या हातात यादी पडते. मी त्यात थोडा शहाणपणा केला. सॉल्व्हरमध्ये 'क्रॉसओव्हर' नावाची एक शेवटची पायरी असते, ती बंद करून टाकली. वेळ निम्म्यावर आला. मी खूष होऊन घरी गेलो.

सकाळी साडेसातला क्लायंटचा फोन. "अहो, ही यादी आहे की खिचडी? एकेका डीलरला सहा-सहा गोदामांतून माल? आणि ०.३७ ट्रक म्हणजे नेमका किती ट्रक?"

गंमत म्हणजे एकूण खर्च रुपयापर्यंत आदल्या दिवसाइतकाच होता, म्हणजे गणित बरोबर होतं. सेटिंग पूर्ववत केलं, माफी मागितली, प्रकरण मिटलं. पण डोक्यात किडा वळवळत राहिला. दोन उत्तरं, खर्च तोच, मग सॉल्व्हरने हे विचित्र उत्तर का निवडलं? मॅन्युअल चाळलं तर एका ओळीत कारण सापडलं: क्रॉसओव्हर बंद असेल तर मिळणारं उत्तर हे सर्वोत्तम उत्तरांच्या संचाच्या 'मध्या'जवळचं असतं.

मध्य? कुठला मध्य? शनिवार-रविवार त्यातच गेला, आणि त्यातून ही एक मस्त गोष्ट हाती लागली. आपल्या मराठी माणसांच्या अभिमानाचा एक विषयही त्यात आहे, पण त्याच्याकडे सावकाश येऊ.

आधी नववीचं भूमितीचं पुस्तक आठवा. त्रिकोणाला मध्य किती? तिन्ही मध्यगा जिथे मिळतात तो गुरुत्वमध्य. आतल्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचं केंद्र म्हणजे अंतर्मध्य. तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र म्हणजे परिमध्य. परीक्षेत पाच मार्कांची रचना यायची, कंपास घेऊन काढायची आणि विसरून जायची. मी तरी विसरलो होतो. पण त्रिकोणाच्या जागी कुठलीही बहिर्वक्र, म्हणजे कॉन्व्हेक्स आकृती घ्या (आतले कुठलेही दोन बिंदू जोडले तरी रेघ आतच राहते अशी), दोन मितींच्या जागी दोन हजार मिती घ्या, आणि हेच प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा उभे राहिले. त्यातल्या प्रत्येक मध्याचा एकेक अल्गोरिदम झाला.

दोन हजार मिती कशा? आमचंच उदाहरण घ्या. चौदा गोदामं, दोनशे डीलर, म्हणजे २८०० आकडे ठरवायचे. 'या गोदामात एवढाच माल आहे', 'या डीलरला एवढा हवाच आहे' ही प्रत्येक अट म्हणजे एक भिंत. सगळ्या भिंती मिळून जी बंदिस्त जागा उरते ती कॉन्व्हेक्स. तिच्यात सर्वांत स्वस्त बिंदू शोधायचा.

१९४७ साली अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डान्झिगने यावर सिम्प्लेक्स पद्धत काढली. तिचं मर्म सोपं आहे. सर्वोत्तम उत्तर या जागेच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात असतंच. मग एका कोपऱ्यातून निघा, कडेकडेने शेजारच्या जास्त स्वस्त कोपऱ्यात जा, आणखी स्वस्त शेजारी सापडेना झाला की थांबा. बस्स. पद्धत इतकी छान चालली की मध्याबिध्याची कुणाला गरजच वाटेना. उत्तर कोपऱ्यात आहे तर मैदानाच्या मधोमध जाऊन करायचंय काय?

पण 'छान चालते' आणि 'नेहमी छान चालते' यात फरक आहे. १९७२ साली व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी एक वेडावाकडा दाबलेला घन दाखवला. त्यात सिम्प्लेक्सची मूळ पद्धत एकही कोपरा न सोडता सगळीकडे फिरून येते. ५० मिती असतील तर २ चा ५० वा घात, म्हणजे ११२५ लाख कोटींहून जास्त कोपरे. सेकंदाला दहा लाख कोपरे पाहिले तरी ३५ वर्षं लागतील. कंपाउंडच्या भिंतीला धरून चालण्याचा हा तोटा. भिंतच वाकडीतिकडी असेल तर संपलं.

मग मैदानातूनच गेलं तर? इथे मध्याची गोष्ट सुरू होते.

पहिला उमेदवार अर्थातच गुरुत्वमध्य. आपल्याला बायनरी सर्च माहीत आहे. शब्दकोश मधोमध उघडा, शब्द डावीकडे आहे की उजवीकडे ते पाहा, अर्धा भाग फेकून द्या. अनेक मितींत 'मधोमध' म्हणजे काय? १९६० साली ब्रांको ग्रुनबाउमने सिद्ध केलं की कुठल्याही कॉन्व्हेक्स आकृतीला गुरुत्वमध्यातून कसाही काप द्या, दोन्हींपैकी लहान तुकडासुद्धा निदान ३६.८ टक्क्यांचा असतो. मिती दोन असोत वा दोन हजार! १९६५ साली सोव्हिएत युनियनमध्ये ए. लेव्हिन आणि अमेरिकेत डोनाल्ड न्यूमन या दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना एकच पद्धत मांडली. गुरुत्वमध्य काढा, उत्तर कुठल्या बाजूला आहे ते विचारा, दुसरी बाजू कापा, उरलेल्या तुकड्याचा पुन्हा गुरुत्वमध्य काढा. दर कापाला एक तृतीयांशाहून जास्त जागा बाद.

इतकं सुंदर, तर घोडं कुठे अडलं? अडलं ते गुरुत्वमध्य काढण्यातच. त्रिकोणात कंपास पुरतो. शेकडो मितींत भिंतींनी दिलेल्या आकृतीचा गुरुत्वमध्य काढणं हे मूळ प्रश्नापेक्षा भयंकर काम आहे. १९८८ साली मार्टिन डायर आणि अ‍ॅलन फ्रीझ यांनी दाखवलं की अशा आकृतीचं नुसतं घनफळ अचूक मोजणंसुद्धा अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतं. म्हणजे घराचं कुलूप उघडायला आधी बँकेची तिजोरी फोडा.

दुसरा उमेदवार अंतर्मध्य. आकृतीत मावेल असा सर्वांत मोठा चेंडू टाका आणि त्याचं केंद्र घ्या. रशियन गणिती चेबिशेव्हच्या नावाने याला चेबिशेव्ह सेंटर म्हणतात. जुळा प्रश्न बाहेरच्या वर्तुळाचा: दिलेले सगळे बिंदू सामावणारं सर्वांत लहान वर्तुळ कोणतं? इंग्लंडमध्ये जे. जे. सिल्व्हेस्टरने १८५७ साली जेमतेम एका वाक्यात हा प्रश्न विचारून ठेवला होता. (इथे शाळेतला परिमध्य दर वेळी चालत नाही बरं का. विशालकोन त्रिकोणाचा परिमध्य त्रिकोणाबाहेर पडतो, आणि सर्वांत लहान वर्तुळ सर्वांत लांब बाजूलाच व्यास धरून काढावं लागतं.) आतला चेंडू काढणं मात्र सोपं. केंद्र आणि त्रिज्या हे नवे आकडे, 'प्रत्येक भिंतीपासून निदान एवढं लांब राहा' ही अट, आणि त्रिज्या जास्तीत जास्त करायची. झाला आणखी एक सिम्प्लेक्सचा प्रश्न! १९७५ साली एल्झिंगा आणि मूर यांनी या मध्यातून काप घेणारी पद्धत काढली.

पण चेंडूला दोन खोडी आहेत. एक म्हणजे लांबट बोळात चेंडू कुठेही मावतो. एका टोकाला मावलेल्या चेंडूचं केंद्र 'मध्य' कसलं? दुसरी आम्हा इंजिनिअरांना जास्त छळणारी: एककं बदलली की मध्य सरकतो. एक अक्ष रुपयांऐवजी पैशांत मोजा, आकृती शंभर पट ताणली जाते, आणि चेंडू भलतीकडेच जाऊन बसतो. प्रश्न तोच, पण मध्य वेगळा.

मग चेंडूच ताणू द्या की! फ्रिट्झ जॉनने १९४८ साली हेच पाहिलं होतं. कुठल्याही कॉन्व्हेक्स आकृतीभोवती सर्वांत लहान लंबगोल, म्हणजे एलिप्सॉइड, एकच असतो, आणि तो n मितींत n पटीने आक्रसला तर आकृतीच्या आत मावतो. एका नियतकालिकाने नाकारल्यावर हा लेख एका गौरवग्रंथात छापून आला. पुढे १९७६-७७ च्या सुमारास मॉस्कोत यूदिन आणि नेमिरोव्स्की, आणि कीव्हमध्ये नाउम शोर यांनी एलिप्सॉइडची पद्धत काढली. हिची युक्ती मला फार आवडली. उत्तर ज्यात आहे असा एक एलिप्सॉइड धरा. त्याचा मध्य शोधावा लागतच नाही, तो आधीच हातात असतो. तिथून अर्धा काप घ्या, उरलेल्या अर्ध्याभोवती नवा लहान एलिप्सॉइड गुंडाळा. पुन्हा मध्य फुकट.

१९७९ साली २७ वर्षांच्या लिओनिद खाचियनने सिद्ध केलं की या पद्धतीने आपला प्रश्न नेहमीच वाजवी पायऱ्यांत, म्हणजे पॉलिनॉमिअल वेळेत सुटतो. सिम्प्लेक्सला जी हमी देता आली नव्हती ती मिळाली. नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी छापली आणि उत्साहात हा शोध ट्रॅव्हलिंग सेल्समनच्या प्रश्नाशीही जोडून टाकला, ज्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. हमी खरी होती, वेग मात्र नव्हता. १०० मिती असतील तर एका पायरीत एलिप्सॉइड जेमतेम अर्धा टक्का आक्रसतो. कुठे गुरुत्वमध्याचे ३६.८ टक्के, आणि कुठे हा अर्धा!

थोडक्यात काय, तर चांगला मध्य काढता येत नव्हता, आणि काढता येणारा मध्य चांगला नव्हता.

चौथा मध्य नववीच्या पुस्तकात नाही. नॉर्वेच्या रॅग्नार फ्रिशने (अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल १९६९ साली मिळालं त्या दोघांपैकी एक) १९५५ साली ओस्लोमध्ये एक कल्पना मांडली. भिंतीपासूनच्या अंतराचा लॉगॅरिदम घ्या. भिंत जवळ आली की तो उणे अनंताकडे कोसळतो, म्हणजे भिंत जणू आपल्याला मागे ढकलते. १९६७ साली फ्रान्सच्या पिएर ह्युआर्डने 'मध्यांची पद्धत' काढली: सगळ्या भिंतींपासूनच्या अंतरांचा गुणाकार सर्वांत मोठा होईल तो बिंदू धरा, आणि खर्चाच्या मर्यादेची भिंत हळूहळू पुढे सरकवत न्या. १९८५ साली हंगेरीच्या ग्योर्ग शोन्नेवेंडने याच बिंदूचा 'अ‍ॅनालिटिक सेंटर' या नावाने नीट अभ्यास केला. एककं बदलली तरी हा मध्य जागचा हलत नाही. काढायला न्यूटनची जुनी पद्धत पुरते. खोड एकच. तीच भिंत दोनदा लिहिली तर दुप्पट ढकलते आणि मध्य सरकतो. जागा कशी आहे यापेक्षा ती तुम्ही कशी लिहिली आहे यावर तो ठरतो.

कागदावर करून पाहिलं तर कळेल, त्रिकोणात बाजूंपासूनच्या अंतरांचा गुणाकार गुरुत्वमध्यावरच सर्वांत मोठा होतो. म्हणून शाळेत याची वेगळी ओळख होत नाही. आडव्यातिडव्या चौकोनात गेलात की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

आता तो अभिमानाचा विषय. इंजिनिअरिंगला ऑपरेशन्स रिसर्चच्या तासाला आमचे सर म्हणाले होते, "पोरांनो, हे सिम्प्लेक्स परीक्षेपुरतं शिका. आपल्या करमरकरांनी ते १९८४ मध्येच मोडीत काढलंय." अख्ख्या वर्गाची मान ताठ झाली होती. मीही ते वाक्य पुढे किती जणांना ऐकवलं असेल!

नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले. १९७८ साली आयआयटी मुंबईतून बी.टेक., नंतर कॅलटेक, बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्याकडे पीएच.डी., आणि मग बेल लॅब्स. १९८४ साली वयाच्या अठ्ठाविशीत त्यांनी जे मांडलं त्याचा गाभाही मध्यच आहे. बाकीचे मध्य शोधत बसले होते. करमरकरांनी प्रश्नच उलटा केला. मी जिथे उभा आहे तो बिंदूच मध्य होईल अशा रीतीने सगळं चित्र ताणा. कॅमेरा तिरका धरला की चौकोन तिरपा दिसतो ना, तसलं ते रूपांतर. आता आपण मधोमध आहोत, सगळ्या भिंती लांब आहेत. भोवती चेंडू आखा, त्याच्या आतच खर्च कमी होण्याच्या दिशेने मोठं पाऊल टाका, चित्र परत मूळ आकारात आणा. पुन्हा तेच. हमी पॉलिनॉमिअल वेळेची, आणि कागदावरच्या हिशेबाने एलिप्सॉइडपेक्षा n चा अडीचावा घात इतक्या पटीने सरस. n शंभर असेल तर हा आकडा एक लाख होतो. नोव्हेंबर १९८४ मध्ये पुन्हा न्यूयॉर्क टाइम्सचं पहिलं पान. सिम्प्लेक्सपेक्षा ५० पट वेगाचे दावे आले.

इथवर सरांची गोष्ट खरी. पुढची मला या वीकेंडला कळली.

पहिली गोष्ट. १९६७ सालीच सैबेरियातल्या इर्कुत्स्कच्या आय. आय. डिकिनने, कांटोरोविचच्या शिष्याने, याच्या जवळची आणि याहून सोपी पद्धत छापली होती. उभे आहोत त्या बिंदूभोवती भिंतींच्या मापाने एलिप्सॉइड आखा आणि त्याच्या आत पाऊल टाका. करमरकरांचा लेख आल्यावर अनेकांनी तो सोपा करायला म्हणून नेमकी हीच पद्धत 'नव्याने' शोधली. डिकिनचा लेख जवळजवळ दोन दशकं पाश्चात्त्यांनी वाचलाच नव्हता. दुसरी गोष्ट. १९८६ साली फिलिप गिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की करमरकरांची पद्धत आणि फ्रिशच्या वळणाची लॉगॅरिदमची पद्धत यांचं आतून घट्ट नातं आहे. तिसरी गोष्ट. सिम्प्लेक्स मोडीत निघालं नाही. स्पर्धा आली म्हटल्यावर सिम्प्लेक्सवाल्यांनीही कंबर कसली, आणि आजही प्रत्येक चांगल्या सॉल्व्हरमध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात.

चौथी गोष्ट पेटंटची. १९८८ साली एटी अँड टीला या पद्धतीवर पेटंट मिळालं. एक गणिती पद्धत कंपनीच्या मालकीची! कॉर्बेक्स नावाचं यंत्र आणि सॉफ्टवेअर मिळून ८९ लाख डॉलर किमतीला विकायला काढलं. अंमलबजावणीचे तपशील गुपित राहिल्याने, वेगाचे दावे तपासायचे तरी कसे, असा प्रश्न इतर संशोधक विचारत होते. ते पेटंट आता कधीच संपलंय.

हे वाचून मी थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. पण मग शांतपणे विचार केला. डिकिनच्या पद्धतीत किती पायऱ्या लागतील याची हमी नव्हती. फ्रिश आणि ह्युआर्डची वाट १९७० च्या दशकात लोकांनी आकडेमोडीच्या अडचणींना कंटाळून जवळजवळ सोडून दिली होती. मैदानातून जाणं हमीचंही असू शकतं आणि वेगाचंही, हे एका जागी पहिल्यांदा दाखवलं ते करमरकरांनी. त्यानंतर जुन्या वह्या उघडल्या गेल्या, डिकिन सापडला, फ्रिश आठवला. ज्याच्यामुळे बाकीच्यांचं विसरलेलं काम वाचलं गेलं त्याचं श्रेय, ते काम मान्य केल्याने, कमी कसं होईल? 'एकट्याने मोडीत काढलं' या वाक्यापेक्षा मला ही गोष्ट जास्त अभिमानाची वाटते, कारण ती खरी आहे. ते जुनं वाक्य मी ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांच्यासाठी हा लेख म्हणजे दुरुस्तीपत्रक समजा.

पुढचं थोडक्यात. १९८८ साली जेम्स रेनेगरने अ‍ॅनालिटिक सेंटर्सची एक वाटच धरली. खर्चाची भिंत सरकेल तसा मध्य सरकतो, त्याच्या मागोमाग चालत राहा. पायऱ्या n च्या वर्गमुळाच्या प्रमाणात, आणि प्रत्यक्षात तर बहुधा काही डझनांतच काम होतं. १९८९ साली प्रवीण वैद्य यांनी आणखी एक मध्य आणला. प्रत्येक बिंदूभोवती डिकिनचा एलिप्सॉइड आखा, आणि ज्याचा एलिप्सॉइड सर्वांत मोठा तो मध्य. हा जवळजवळ गुरुत्वमध्याच्या तोडीचे काप देतो, आणि मुख्य म्हणजे काढता येतो! लेव्हिन-न्यूमनचं १९६५ चं स्वप्न असं २४ वर्षांनी वेगळ्या वाटेने हाती आलं, आणि तेही इर्कुत्स्कच्या त्या न वाचलेल्या लेखातल्या एलिप्सॉइडवर स्वार होऊन. २०१५ साली ली, सिडफर्ड आणि वोंग यांनी अशाच मध्यांचं मिश्रण करून आणखी वेगवान पद्धत काढली. शोध अजून चालूच आहे.

आणि आमची खिचडी? त्या रात्री एकाच किमतीची असंख्य उत्तरं होती. त्या सगळ्यांची मिळून एक छोटी कॉन्व्हेक्स आकृती. सिम्प्लेक्स तिच्या कोपऱ्यात थांबतो, आणि आमच्या प्रकारच्या प्रश्नात, साठा आणि मागणी पूर्ण ट्रकांत असेल तर, कोपऱ्यावरचे आकडेही पूर्ण असतात. मैदानातून येणारी पद्धत मात्र त्या आकृतीच्या अ‍ॅनालिटिक सेंटरशी येऊन थांबते. सगळ्या भिंतींपासून लांब, म्हणजे कुणालाच शून्य नाही, सगळ्यांना थोडं थोडं. ०.३७ ट्रक तिथून आला. क्रॉसओव्हर म्हणजे त्या मध्यावरून हात धरून कोपऱ्यात नेऊन सोडणारी पायरी, आणि नेमकी तीच मी वेळ वाचवायला म्हणून काढली होती!

सोमवारी कोडमध्ये त्या सेटिंगच्या वर एक कॉमेंट टाकली: 'हे बंद करू नका. ट्रक अर्धा जात नाही.' फ्रिश, डिकिन आणि करमरकर यांची नावंही टाकावीत असं मनात आलं होतं, पण रिव्ह्यूमध्ये उडवली असती. म्हणून ती इथे लिहिली.

असो. चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटू.